थोरली नाही म्हणाली नाही

एक गाव होतं. तिथली माणसं दिवसभर उलटी चालायची. वेडी नव्हती हो, दोर वळणारी होती. दोर वळायचा म्हणजे एकानं गल्लीच्या टोकाला चाक फिरवत बसायचं आणि दुसऱ्यानं कमरेला वाखाचा भारा बांधून, हातानं तो सोडत सोडत, मागं मागं जायचं. वाख म्हणजे घायपाताच्या पानातून निघणारे पांढरे तंतू. त्यामुळे आपण कुठून आलो हे त्या गावात प्रत्येकाला नीट दिसायचं. कुठं चाललो ते मात्र पाठ भिंतीला आपटल्यावरच कळायचं.

या गावात एका घरी दोन जावा होत्या, एक थोरली आणि एक धाकटी.

थोरलीच्या हातचा दोर बघावा असा असायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा, कुठं गाठ नाही की फुगवटा नाही. पण सुनेनं दोर चांगला वळला तर त्यात सांगण्यासारखं काय, असं घरातल्यांना वाटायचं. म्हणून कुणी कधी सांगितलं नाही.

मग धाकटी लग्न होऊन आली आणि घरातल्यांना सांगण्यासारखं बरंच काही दिसू लागलं.

"धाकटी ताक काय बेताचं पातळ करते!" सासूबाई म्हणायच्या. "आणि चालते कशी, पायाचा आवाज नाही."

ताक पातळ करणं हाही एक गुण असतो, हे थोरलीला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

तिला धाकटीचा हेवा वाटू लागला. आधी ताकाचा वाटला, मग चालण्याचा, आणि पुढं पुढं ज्याला नाव देता येत नाही अशा सगळ्याचाच. धाकटी गप्प बसली की थोरलीला वाटायचं, हिला गर्व झालाय. धाकटी बोलली की वाटायचं, हिला असं नेमकं सुचतं कसं? धाकटीला ताप आला, तेव्हा सासूबाईंनी तिच्या कपाळावर हात ठेवला. ते बघून थोरलीनं चूल फुंकता फुंकता स्वतःचं कपाळ चाचपून पाहिलं. ते आपलं थंडच होतं.

गावातले तयार दोर शेटच्या वखारीत पोचवावे लागत. शेट ते लांबच्या बाजारात विकायचा. डोक्यावर ओझं घेऊन शेटच्या दारात ताटकळणं थोरलीला कमीपणाचं वाटे, म्हणून ते काम धाकटीच्या वाट्याला आलं होतं.

अशात एक वाईट बातमी आली. खालच्या अंगाच्या एका गावात विहीर खणताना दोर तुटला. आत उतरलेला माणूस तळाला आपटला आणि जन्माचा अधू झाला. दोर याच गावचा होता.

गावात सगळे एकमेकांच्या हातांकडे बघू लागले. कुणाच्या घरचा असेल? कुणी असा कच्चा दोर वळला असेल? बोलायचं कुणी नाही, पण बघायचे सगळे.

आणि मग एके दिवशी सकाळी लोकांनी दारं उघडली, तर प्रत्येक उंबऱ्यावर एक नारळ आणि एक खण ठेवलेला.

याचा अर्थ गावात लहान पोरालाही ठाऊक होता. कुणीतरी गावच्या पाटलीणबाईंकडे जाऊन मोठी लबाडी सांगितली होती.

ही त्या गावची जुनी रीत होती. पूर्वी कधीतरी एका माणसानं अशीच लबाडी उघडकीला आणली, तेव्हा गावाला भारी आनंद झाला. त्याला फेटा बांधला, हार घातले, वाजतगाजत मिरवलं. त्यामुळे कुणी सांगितलं हे लबाडांनाही आयतंच कळलं. हार सुकायच्या आत त्या माणसाच्या घराला आग लागली. तेव्हापासून गावानं ठरवलं की मान द्यायचा, पण घरोघरी द्यायचा. ज्याचा असेल त्याला तो पोचेल आणि कुणाचा आहे ते कुणाला कळणार नाही.

त्या सकाळी पंचांनी शेटच्या वखारीतले दोर चावडीपुढं आणून सोडवले. वरून पांढरेशुभ्र दोर, आणि आत? आत काळा, कुबट वासाचा, कुजका दोर! शेट होडीवाल्यांकडून टाकाऊ दोर आणायचा, गावच्या चांगल्या दोराचे पेड सोडवून त्यावर गुंडाळायचा आणि पुन्हा पीळ द्यायचा. एका दोराचे तीन दोर.

पंचांनी वखारीला कुलूप ठोकलं. पण शेट काही गप्प बसणारा नव्हता.

"मी कुठं दोर वळतो?" तो चावडीवर सगळ्यांसमोर म्हणाला. "माझ्याकडे घराघरातून असेच आले. मी बिचारा विकणारा माणूस. आत काय घातलंय ते मला काय ठाऊक?"

आता निवाडा राजाच्या न्यायाधीशांनी करायचा होता. ते पौर्णिमेला येणार होते. लबाडी सांगणाऱ्यानं त्यांच्यापुढं स्वतः उभं राहून बोलायचं, तोवर त्याचं नाव पाटलीणबाईंच्या पोटात. आणि तो उभा राहिलाच नाही, तर शेट सुटणार होता आणि कुजक्या दोराचा डाग गावाच्या माथी बसणार होता.

त्या दिवशी घराघरात एकच प्रश्न होता. कुणी सांगितलं असेल?

थोरलीच्या घरीही सासूबाईंनी विचारलं, दोघींच्या नवऱ्यांनी विचारलं, स्वतः थोरलीनंही विचारलं. विचारलं नाही ते फक्त धाकटीनं. ती आपली नारळ सोलत बसली होती.

थोरलीच्या मनात चटकन काहीतरी हललं. वखारीत जाते कोण? धाकटी. परवा न सांगता तासभर गेली होती कुठं? आल्यावर म्हणाली, शेणी आणायला गेले होते. आणि आणल्या होत्या का शेणी?

तिनं धाकटीला परसात गाठलं.

"तूच ना गं?"

धाकटीनं नारळ फोडला. पाणी वाटीत धरलं.

"नारळ बरा निघाला," ती म्हणाली. "चटणी करू की वड्या, जाऊबाई?"

थोरलीला कळायचं ते कळलं.  ताक झालं, चालणं झालं, आता हेही हिच्याच नशिबात? आपण इतकी वर्षं हात सोलून दोर वळतोय, आणि सगळ्या गावाचा नारळ खाणार ही!

दुसऱ्या दिवशी बायका नदीवर वाख धुवायला बसल्या होत्या. हात दगडावर चालत होते आणि तोंडं त्याहून जोरात.

"कुणी का असेना बाई, पण काळीज मोठं हो!"

"माझ्या हातून नसतं झालं. शेटचं नाव ऐकलं तरी माझे हात गार पडतात."

"भेटली ना, तर मी पाया पडेन तिच्या."

"ती कशावरून? तो असेल."

"छे! पुरुषाच्या पोटात दोन दिवस तरी राहिलं असतं का?"

सगळ्या हसल्या. थोरली हसली नाही. प्रत्येक शब्द धाकटीच्या अंगावर दागिन्यासारखा चढतोय, असं तिला दिसत होतं.

तेवढ्यात शेजारची एक बाई तिच्याकडे झुकून म्हणाली, "मी म्हणते, तुमच्याच घरातलं कुणीतरी असावं. वखारीत तुमच्या घरचं येणंजाणं. तुम्हीच तर नव्हे हो, थोरल्या वैनी?"

थोरलीनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर आला नाही. आलं ते हसू. जरासंच, ओठांच्या कोपऱ्यातलं. आणि तिनं मान खाली घालून वाख आपटायला सुरुवात केली.

बस. ती हो म्हणाली नव्हती. पण नाहीही म्हणाली नव्हती.

गावात बातमी पोचायला तेवढं पुरे होतं.

मग काय विचारता! नदीवरचा सपाट, चांगला दगड थोरलीसाठी मोकळा राहू लागला. देवळात बायका सरकून तिला पुढं जागा देऊ लागल्या. कुणाच्या घरून गरम धिरडी आली, तर कुणाच्या घरून बाळंतिणीला करतात तसा डिंकाचा लाडू. सासूबाईंच्याही कानावर गेलं. त्या थोरलीकडे पहिल्यांदाच नीट बघून म्हणाल्या, "दमली असशील. बस जरा."

थोरली बसली. इतकं गोड बसणं तिनं आयुष्यात अनुभवलं नव्हतं.

धाकटी सगळं बघत होती. एके दुपारी दोघीच असताना ती हळूच म्हणाली, "जाऊबाई, ते खाली ठेवा. ते जड आहे."

"काय जड आहे?"

"लोक देतायत ते."

थोरलीचा असा पारा चढला! "जळतेस होय माझ्यावर? एवढंसं कुणी मला चांगलं म्हटलं तर तुला बघवत नाही?"

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. मग ती उठून ताक करायला गेली.

बातमी शेटच्याही कानावर गेली होतीच.

आधी काय झालं, तर थोरलीनं उन्हात वाळत घातलेला वाख कुणाच्या तरी बैलांनी तुडवून चिखलात घातला. मग बांधावरची घायपाताची रांग कुणीतरी मुळापासून तोडून टाकली. मग त्यांच्या चाकाचा दांडा मोडलेला सापडला. कुणी केलं हे कुणी पाहिलं नव्हतं, म्हणजे सगळ्यांनी पाहिलं होतं.

नदीवरचा सपाट दगड अजून रिकामाच राहायचा. पण आता त्याच्या शेजारचेही दगड रिकामे राहू लागले. देवळात बायका अजूनही सरकायच्या, फक्त आता जरा जास्तच लांब. धिरडी यायची थांबली.

"तुमचं कौतुकच आहे हो वैनी," ती शेजारची बाई घाईघाईनं जाता जाता म्हणाली, "पण आमच्या घरात लहान मुलं आहेत."

थोरली तुडवलेला वाख निवडत परसात बसली. चिखलातला एकेक तंतू वेगळा करताना तिच्या मनात आलं, हे सगळं खरं तर धाकटीच्या वाट्याचं. मान घेतला मी आणि मार खातेय तोही मीच, आणि ही बसलीय सावलीत! या विचारानं तिला थोडा वेळ बरं वाटलं. पण मग दुसरा विचार आला आणि तो काही हलेना. पाटलीणबाईंकडे जाताना धाकटीला हे ठाऊक होतं का?

ठाऊक असणारच. वखारीत रोज शेटचा चेहरा तीच बघत होती.

थोड्या दिवसांनी भर दुपारी दोघी गल्लीत दोर वळत होत्या. दोघींचे नवरे डोंगरावर घायपात तोडायला गेले होते. धाकटी त्या टोकाला दुरुस्त केलेलं चाक फिरवत होती. थोरली कमरेला वाख बांधून मागं मागं सरकत या टोकाला आली होती. मधे लांबलचक ताणलेला दोर.

मागून आवाज आला, "काय सुरेख हात आहे!"

थोरली दचकली. शेट होता. एकटाच, हसऱ्या तोंडानं.

"चालू दे, चालू दे. पीळ सुटेल," तो म्हणाला. "मी भांडायला नाही आलो. मला कळलंय, ती तू नव्हेस."

थोरलीनं दोर घट्ट धरून ठेवला.

"तू माझ्या वखारीत पाऊल तरी टाकलंस का कधी? तू मानी बाई. येते ती तुझी धाकटी. मला फक्त तुझ्या तोंडून ऐकायचंय. 'धाकटी' एवढंच म्हण. मग तुझ्या वाखाला कुणी हात लावणार नाही, आणि..." तो जरा जवळ सरकला. "राणीसाहेबांच्या झोपाळ्याला दोर हवाय. राजवाड्यातली माणसं मला विचारतात, उत्तम हात कुणाचा? मी तुझं नाव सांगेन. साऱ्या मुलखात कळेल, थोरलीसारखा दोर कुणी वळत नाही. आणि मग धाकटीला कोण विचारतंय?"

 इतकी वर्षं जे एक वाक्य ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते शेवटी बोललं कोण, तर हा माणूस! आणि एका शब्दात सगळं मिळत होतं. खोटा शब्दही नव्हे, खराच. धाकटी.

तेवढ्यात तिच्या हातातला दोर थरथरला.

तिनं मान वर केली. त्या टोकाला धाकटीनं शेटला पाहिलं होतं. तिला ऐकू काही येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. तिचे हात कापत होते आणि ते कापणं दोरातून इथवर येत होतं. तरी ती चाक थांबवत नव्हती.

थोरलीला वाटलं, घाबरते तर ही! माझ्याइतकीच घाबरते. आणि घाबरत घाबरत ही एकटी उठून पाटलीणबाईंकडे गेली होती.

खरं सांगायचं तर त्या क्षणीही थोरलीच्या मनात काही फार थोर आलं नाही. आला तो मत्सरच. आजवरचा सगळ्यात मोठा. ताकाचा नाही, कौतुकाचा नाही. हिला हे जमलं आणि मला जमू नये? पाठ भिंतीला टेकेपर्यंत ही माझ्यापुढंच राहणार?

ती शेटकडे वळली.

"मीच सांगितलं," ती म्हणाली.

"काय?"

"ऐकू कमी येतं का तुम्हाला? पाटलीणबाईंना मीच सांगितलं. धाकटीला काय कळतंय त्यातलं? तिला धड ताक करता येत नाही, पाणी असतं नुसतं."

शेटचं हसू विझलं. त्यानं भिंतीला लावलेल्या वाळक्या वाखाच्या राशीवरून हात फिरवला.

"घरात फार वाख साठवलाय तुम्ही," तो म्हणाला. "जपा हं पौर्णिमेपर्यंत. वाखाला एक ठिणगी पुरते."

तो गेला.  थोरलीनं दोर शेवटपर्यंत पुरा केला, गाठ मारली आणि तशीच, कमरेला वाख बांधलेली, पाटलीणबाईंकडे गेली.

"पाटलीणबाई, मी ती नव्हे," ती दारातूनच म्हणाली. "मी खोटं मिरवलं."

"ठाऊक आहे," पाटलीणबाई म्हणाल्या. "ये आत."

"ठाऊक होतं? मग तुम्ही गप्प कशा राहिलात?"

"तू नव्हेस म्हणायचं, तर मग कोण, हे सांगावं लागलं असतं. शिवाय गाव तुझ्याकडे बघत होतं तोवर तिच्याकडे कुणी बघत नव्हतं." त्यांनी मान हलवली. "तुझ्यावर काय येईल ते मी बघायला हवं होतं. चुकलं माझं."

म्हणजे आपला खोटेपणाही शेवटी धाकटीच्याच कामाला आला! थोरलीला रडावं की हसावं ते कळेना. तिनं शेट काय बोलून गेला ते सगळं सांगितलं. आणि मग तिचा आवाज चढला.

"तुमची रीत चांगली आहे हो. नारळ देता, खण देता. पण ठिणगी पडली तर खणानं विझवायची का आम्ही? बायका माझ्या पाया पडणार होत्या, आता माझ्या सावलीला उभ्या राहत नाहीत. मान सगळ्यांनी वाटून खाल्ला, मग भीती एकाच घरात का?"

 पाटलीणबाई उठल्या, चपला घातल्या आणि चावडीवर जाऊन त्यांनी गाव गोळा केलं.

"त्या दिवशीच्या नारळाचं काय केलंत?" त्यांनी विचारलं.

लोक गोंधळले. "वड्या केल्या," एकजण म्हणाला. "आम्ही चटणी केली," दुसरी म्हणाली.

"गोड लागला?"

"लागला की."

"मग आता उठा आणि आपापलं चाक उचला. पौर्णिमेपर्यंत सगळ्या गावाचे दोर या थोरलीच्या गल्लीत वळले जातील. निजायचंही पाळीपाळीनं तिथंच. आणि प्रत्येक घरानं मूठभर वाख तिच्या दारात टाकायचा, तिचा तुडवला गेलाय तो भरून यायला हवा."

मागून एकजण पुटपुटला, "पण पाटलीणबाई, शेट बघून ठेवील आम्हाला."

"ठेवू दे बघून. किती जणांना बघून ठेवतो ते तरी कळेल."

लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणी हलेना. शेवटी नदीवरची ती शेजारची बाई उठली. तिचा चेहरा पडला होता. "आमच्या घरात लहान मुलं आहेत," ती म्हणाली, "ती मोठी झाल्यावर विहिरीत उतरतील कुठंतरी. कुठल्या दोरानं उतरतील?" आणि ती चाक आणायला घरी गेली. मग एकेक करून सगळेच उठले.

त्या संध्याकाळपासून थोरलीची गल्ली अशी गजबजली की चालायला वाट उरली नाही. जो तो उलटा चालत होता, एकमेकांना आपटत होता, "अगं बघ की मागं!" म्हणून ओरडत होता. शेटची माणसं दोनदा गल्लीच्या तोंडाशी आली, आत गर्दी बघून आल्या पावली परतली. दारात वाखाची रास उंबऱ्याच्या वर गेली.

पौर्णिमा आली. न्यायाधीश चावडीसमोरच्या वडाखाली बसले आणि म्हणाले, "ज्यानं वखारीतली लबाडी डोळ्यांनी पाहिली, त्यानं पुढं यावं."

सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या. थोरली उठली. तिनं हात धरून धाकटीला उठवलं आणि तिच्या शेजारी उभी राहिली.

"हिनं पाहिलं," ती म्हणाली.

गर्दीत कुजबुज झाली. "म्हणजे थोरली नव्हे? मग तेव्हा नदीवर हसलात कशाला हो वैनी?"

"हसू आलं म्हणून हसले," थोरली म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आता गप्प बसा, तिला बोलू द्या."

धाकटी बोलली. आवाज बारीक होता, पण तुटला नाही. वखारीच्या मागं कुजक्या दोरांचा ढीग कसा यायचा, तो बाहेर न जाता कमी कसा व्हायचा, पेड कोण सोडवायचं, सगळं तिनं सांगितलं.

"खोटं आहे," शेट ओरडला. "दोर घरातूनच कुजके येतात!"

"मग शेटजींच्या परसातल्या विहिरीला कुठला दोर आहे, तेवढं बघा," धाकटी म्हणाली. "वखारीतला नाही. दरवेळी ते मला सांगायचे, तुझ्या जावेच्या हातचा एक दोर बाजूला काढून माझ्या घरी टाक. घरातले दोर कुजके असते, तर त्यांनी आपल्या बायकामुलांच्या हाती कशाला दिले असते?"

माणसं गेली आणि विहिरीवरचा दोर घेऊन आली. न्यायाधीशांनी तो सोडवला. आतून बाहेरून पांढरा, एकसारखा.  शेटची वखार जप्त झाली, जन्माचा अधू झालेल्या माणसाला आयुष्यभर पोसण्याचं ओझं त्याच्यावर पडलं आणि त्याला मुलखाबाहेर जाण्याचा हुकूम झाला.

सारं गाव विहिरीवरच्या त्या दोराकडे बघत होतं. थोरलीही बघत होती. मग ती धाकटीच्या कानाशी लागून म्हणाली, "शेट माझा दोर घरी न्यायचा, हे तू मला आजवर सांगितलं नाहीस?"

"मला वाटलं, तुमचा दोर चांगला आहे हे तुम्हाला ठाऊकच असेल."

 हिला असं नेमकं सुचतं कसं, एवढंच थोरलीच्या मनात आलं.

पाटलीणबाईंनी त्यानंतर गावची रीत बदलली. आता उंबऱ्यावर नारळ दिसला की प्रत्येकानं आपलं चाक उचलून शेजारच्या दारात नेऊन लावायचं. कुणाच्या घरात सांगणारा आहे ते कुणाला कळत नाही, पण राखणीविना एकही दार राहत नाही.

बऱ्याच दिवसांनी पुन्हा एका सकाळी घरोघरी नारळ दिसले. सगळ्यात आधी चाक उचललं ते थोरलीनं. शेजारच्या दारात ते लावून ती दिवसभर राखणीला बसली. या वेळी कुणी सांगितलं असेल, हे तिनं एकालाही विचारलं नाही.

विचारावंसं मात्र फार वाटलं.

तात्पर्य: खरं सांगणाऱ्याच्या दारात नारळ ठेवून लगेच घरी परतू नये, भीती टळेपर्यंत तिथंच बसावं. आणि त्याचा हेवा वाटलाच, तर अर्धा करू नये. त्याच्या मानाचा करावा, तसाच त्यानं सोसलेल्या धाकाचाही करावा.